कर्नाळ्याचा सुळका, टेहळणी आणि वणवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पनवेलजवळ राहतो. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत सुट्टीच्या दिवशी वनखात्याच्या माणसांबरोबर कर्नाळा किल्ल्याभोवतीच्या अभयारण्यात जाळरेषेच्या (प्रश्न १० पाहा) आणि वणवा विझवण्याच्या कामाला जातो. होळी जवळ आली की ओळखीचे-अनोळखी लोक तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका म्हणजे वणव्यावर नजर ठेवायला बांधलेला मनोरा आहे का?

नाही. तो कुणी बांधलेलाच नाही. तो बेसाल्टचा नैसर्गिक सुळका आहे, उंची सुमारे १२५ फूट. किल्ला नांदता होता तेव्हा त्याचा टेहळणीसाठी उपयोग होई. जुन्या इंग्रजी लिखाणात त्याला पांडूचा मनोरा म्हटलं आहे, त्यामुळे 'मनोरा' हा शब्द चिकटला असावा. इंग्रजांनी डोंगराला 'फनेल हिल' असंही नाव दिलं होतं. ही टेहळणी शत्रूवर आणि वाटांवर होती. वणव्यासाठी आज आम्ही सुळक्यावर नाही, त्याच्या पायथ्याशी किल्ल्याच्या माथ्यावर उभे राहतो. तेवढ्या उंचीवरूनही पुष्कळ दिसतं.

२. पूर्वी इथून नक्की कशावर नजर ठेवत?

बोरघाटातून उतरणाऱ्या वाटेवर. घाटमाथ्यावरचा माल ह्या वाटेने कोकणात, पनवेलच्या बंदराकडे येई. कर्नाळा ज्याच्या हातात, त्याला ही वाट दिसत राही. म्हणूनच एवढ्याशा किल्ल्यासाठी इतकी ओढाताण झाली. यादवांपासूनचा इतिहास सांगितला जातो. १५४० च्या सुमारास गुजरातचा सुलतान, अहमदनगरची निजामशाही आणि पोर्तुगीज असे तिघेही ह्या किल्ल्याच्या भांडणात होते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना जे २३ किल्ले दिले, त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो परत स्वराज्यात आला. १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा ह्या किल्ल्याचे किल्लेदार होते. फडक्यांचं शिरढोण पायथ्यालाच आहे. किल्ल्यावर जाणाऱ्याने उतरताना तिथे दोन मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

सुळक्याच्या बुडाशी कातळात कोरलेली पाण्याची टाकी आणि कोठारं आजही आहेत.

३. अभयारण्य कधी झालं? केवढं आहे?

१९६८ साली. हे महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य. सुरुवातीला क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होतं, २००३ मध्ये ते सुमारे १२ चौरस किलोमीटर झालं. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातून जातो. वणव्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे (प्रश्न ७ पाहा).

४. सुळक्यावर चढता येतं का?

पायवाटेने नाही. तो सरळसोट कडा आहे. दोर आणि प्रशिक्षण असलेल्या गिर्यारोहकांचं ते काम, आणि त्यांनाही आधी परवानगी लागते. शिवाय कड्याच्या खोबणींत आग्या माश्यांची मोठमोठी मोहोळं असतात. मान वर करून काळ्या पोळ्यांकडे बघितलं की पोळं हलल्यासारखं वाटतं, एक लाट वरून खाली सरकत जाते. ती माश्यांची इशारा देण्याची पद्धत आहे. ती लाट वारंवार दिसू लागली तर आवाज न करता तिथून निघा.

५. माश्या उठल्याच तर काय करायचं?

हात झटकू नका. ओढणी, टॉवेल, सॅक, जे असेल त्याने तोंड आणि मान झाका आणि वाटेने झाडीत खाली उतरत राहा. आग्या माशी बराच लांबपर्यंत पाठलाग करते, म्हणून पन्नास पावलांवर थांबू नका. पाण्याच्या टाक्यात उडी मारू नका, माश्या वर घोंघावत वाट बघतात. नांगी चिमटीत धरून न काढता नखाने खरवडून काढा. खूप डंख झाले असतील, श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा चक्कर येत असेल तर थेट दवाखाना गाठा. वर जाताना अत्तर, परफ्यूम, स्पीकर आणि धूर ह्या चार गोष्टी टाळल्या तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. धूर सगळ्यांत वाईट.

६. कोकणात एवढा पाऊस पडतो, मग इथे वणवे लागतातच कसे?

हा प्रश्न नेहमी घाटावरची माणसं विचारतात. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं, पण तो चार महिन्यांत संपतो. त्याच पावसावर गवत कमरेएवढं वाढतं आणि दिवाळीनंतर वाळायला लागतं. जानेवारीपासून साग, ऐन, किंजळ पानं टाकतात. मार्चमध्ये सागाच्या वाळक्या पानावर पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. त्या वेळी जंगलातून चालणं म्हणजे जळणाच्या ढिगातून चालणं. जास्त पाऊस म्हणजे जास्त गवत, आणि जास्त गवत म्हणजे उन्हाळ्यात जास्त जळण.

वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं. पांगारा, पळस, काटेसावर फुललेली असते तेव्हाच धोका सगळ्यांत जास्त. फुलांवर पक्ष्यांची झुंबड असते, म्हणून पक्षी बघणाऱ्यांची गर्दीही तेव्हाच होते.

इथला वणवा बहुधा जमिनीलगत पळतो. शेंड्यांवरून उड्या मारत जाणारी आग आपल्याकडे क्वचित. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला 'झाडं तर हिरवीच आहेत' असं वाटतं. जळालेलं असतं ते खालचं सगळं: दोन-तीन वर्षांची रोपं, कारवीचे नवे अंकुर, सरडे, गोगलगायी, जमिनीवरची घरटी.

७. वणवे बांबू घासून किंवा उन्हाने आपोआप लागतात ना?

शाळेत आपण सगळ्यांनीच हे ऐकलं आहे. प्रत्यक्षात आपल्याकडचे जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. गाडीतून फेकलेली विडी-सिगारेट, सहलीची न विझवलेली चूल, मध काढायला केलेला धूर, शिकारीसाठी रान पेटवणं, शेताच्या बांधावरून सुटलेली आग. महामार्गाच्या कडेचं वाळकं गवत तर एका थोटकाची वाट बघत असतं.

एक विनंती. सगळा दोष पायथ्याच्या आदिवासी वाड्यांच्या माथी मारू नका. आमच्याबरोबर वणवा विझवायला सगळ्यांत आधी धावणारी माणसं त्याच वाड्यांतली असतात. कुठली घळ कुठे उतरते, वारा कधी फिरतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं.

८. आम्ही राब भाजतो, ते पिढ्यानपिढ्या चालत आलंय. मग तोही गुन्हा का?

स्वतःच्या दाढीच्या जागेवर (जिथे भाताची रोपं तयार करतात तिथे) कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, पेंढा, शेण पसरून राब भाजणं ही भातशेतीची पद्धत आहे. त्यावर नुसतं नाक मुरडणं मला पटत नाही. त्यामुळे तण आणि किडीची अंडी मरतात, राखेने रोप जोमदार येतं. अडचण भाजणीची नाही, सुटलेल्या आगीची आहे. जंगलाला लागून शेत असेल तर भोवतीचा आठ-दहा फूट पट्टा आधी साफ करून घ्या. सकाळी लवकर भाजा. दुपारी भाजू नका, कारण अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि तो जाळ डोंगराकडेच ढकलतो. वारा ज्या बाजूला जातो त्या टोकाने पेटवा म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत हळू चालते. पाण्याचे हंडे जवळ ठेवा. आदल्या दिवशी वनरक्षकाला सांगून ठेवा. राख थंड होईपर्यंत घरी जाऊ नका. आग सुटून जंगलात गेली तर 'राब भाजत होतो' ही सबब कायद्यापुढे चालत नाही (प्रश्न १६).

९. पण जाळल्यावर गवत जोमाने येतं, हे तर खोटं नाही?

खोटं नाही. राखेमुळे आणि जुना वाळका थर गेल्यामुळे हिरवे कोंब लवकर दिसतात. गुरं तिकडे धावतात, म्हणून समज पक्का होतो. पण ज्या उतारावर दर वर्षी आग जाते तिथे झाडांची नवी पिढी उभीच राहत नाही. ऐनासारखं जाड सालीचं जुनं झाड टिकतं, त्याच्याखाली रोप मात्र एकही नसतं. पालापाचोळ्याचा थर गेला की पहिल्याच वळवात माती वाहून ओढ्यात जाते, पाणी मुरत नाही आणि वाडीची विहीर लवकर आटते. मी पायथ्याच्या वाडीत हे सांगतो तेव्हा पक्ष्यांचं नाव घेत नाही, विहिरीचंच घेतो. ते लगेच पटतं.

१०. वनखातंच जाळतं की! जाळरेषा म्हणजे दुसरं काय?

खरं आहे, जाळरेषेतलं गवत खातंच जाळतं. पण ती आग कुठे संपणार हे पेटवण्याआधीच ठरलेलं असतं. हंगाम सुरू होण्याआधी ठरावीक रुंदीचा पट्टा दोन्ही बाजूंनी कापून, झाडून घेतात आणि मग मधलं गवत माणसं उभी करून, गवतात अजून थोडी ओल असताना जाळतात. पुढे मार्चमध्ये वणवा आला की त्याला त्या पट्ट्यात खायला काही मिळत नाही. तुम्ही चालता त्या पायवाटासुद्धा पाला झाडून ठेवल्या तर छोट्या जाळरेषाच होतात.

जाळरेषा सगळ्या आगी थांबवत नाही. जोराच्या वाऱ्यात पेटतं पान उडून पलीकडे पडतं. म्हणूनच टेहळणी लागते.

११. आता उपग्रहावरून आग कळते. मग डोळ्यांनी टेहळणी कशाला?

उपग्रहाचा उपयोग मोठाच आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या माहितीवरून वणव्याचे इशारे पाठवते, नोंदणी केलेल्यांना मोबाईलवर संदेश येतो. त्यातल्या व्हीआयआयआरएस ह्या उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, जुन्या मोडिसचा १ किलोमीटरचा.

पण हे उपग्रह डोक्यावर कायम नसतात. व्हीआयआयआरएसवाले उपग्रह दुपारी आणि रात्री साधारण दीडच्या सुमारास जातात. आपल्याकडची आग बऱ्याचदा तीन-चार वाजता, खारा वारा भरात असताना फोफावते. चार वाजता लागलेली आग पुढच्या फेरीत दिसेपर्यंत सगळा उतार जळून गेलेला असतो. दाट झाडीखालची छोटी आग किंवा ढगाखालची आग दिसतही नाही. उलट कधी कधी कारखान्याच्या धुराड्याची उष्णता आग म्हणून नोंदली जाते.

किल्ल्यावर बसलेल्या माणसाला धुराची पहिली रेघ दिसते तेव्हा आग अंगणाएवढी असते. चार माणसं ओल्या फांद्या घेऊन ती विझवू शकतात. एका तासाने तीच आग चाळीस माणसांना आवरत नाही. टेहळणीचा सगळा मुद्दा हा एक तास वाचवण्याचा आहे.

१२. किल्ल्यावरून धूर कसा ओळखायचा? आम्हाला तर सगळीकडे धुरकटच दिसतं.

सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. मार्च-एप्रिलमध्ये पनवेलकडे बघितलं तर आकाश राखाडीच असतं. म्हणून आकाशाकडे बघू नका, डोंगराचा उतार बघा.

धुराला बूड असतं. वर कितीही पसरलेला असला तरी खाली तो एका जागेतून निघतो आणि त्या जागेवर घट्ट असतो. धुळीला असं बूड नसतं, ती लांबट पट्ट्यासारखी उठते आणि रंगाने मातकट असते. खाणीचा सुरुंग उडाला की एकदम लोट उठतो आणि पाच-दहा मिनिटांत विरतो. विरला नाही तर तो धूर. काळा धूर बहुधा टायर-प्लॅस्टिकचा, म्हणजे वस्तीजवळचा. पांढरा, दुधट धूर गवताचा आणि अर्धओल्या पाल्याचा, आणि आपल्याला हवा तोच. पिवळसर, दाट होऊन उतारावर चढू लागला तर आग मोठी झाली आहे.

दिशा सांगायला खुणा पाठ करा. सुळक्याला पाठ लावून उभं राहिलं की उत्तरेला पनवेल, ईशान्येला प्रबळगड आणि त्याच्या बाजूचा कलावंतीण सुळका, मागे माथेरान. पूर्वेला रसायनीचे कारखाने, आग्नेयेला माणिकगड. पश्चिमेला उरणची बाजू आणि स्वच्छ दिवशी समुद्र. 'तिकडे धूर आहे' असं सांगून कुणालाच कळत नाही. 'माणिकगडाच्या अलीकडची दुसरी सोंड, निम्म्या उतारावर' असं सांगितलं की वनरक्षकाला जागा कळते.

अजून एक खूण, ती मला एका वनमजूर काकांनी दाखवली. आग दिसण्याआधी कोतवाल दिसतात. जाळापुढे उडणारे नाकतोडे टिपायला हे काळे, दुभंगल्या शेपटीचे पक्षी जमतात आणि आगीच्या रेषेवर सूर मारत राहतात. एका जागी आठ-दहा कोतवाल वरखाली करताना दिसले तर दुर्बीण तिकडे वळवा. काका तेव्हा दुर्बिणीशिवाय म्हणाले होते, "बघ, कोतवाल चौकीवर आलेत." आम्ही खाली उतरून पोचलो तेव्हा आग खरंच दोन गुंठ्यांवरच होती.

१३. धूर दिसला तर कुणाला सांगायचं?

वनखात्याची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६. अभयारण्यात असाल तर फाटकावरच्या कर्मचाऱ्यांना आधी सांगा, ते सगळ्यांत लवकर हालचाल करू शकतात. माणसांच्या जिवाला धोका असेल तर ११२. सांगताना जागा (प्रश्न १२ प्रमाणे), आग चढणीला आहे की उताराला, वारा कुठला, जवळची वाट कुठली, इतकं सांगा. फोटो काढाच, पण आधी फोन करा. किल्ल्याच्या काही कोपऱ्यांत रेंज जाते. पाच मिनिटं चालून रेंज मिळत असेल तर तेवढं चाला.

१४. आम्ही चौघं-पाचजण आहोत. स्वतःच विझवायला जावं का?

माहीतगार माणूस बरोबर नसेल तर जाऊ नका. माहीतगार असेल आणि ज्वाला गुडघ्याच्या खाली असतील तर हातभार लावता येतो. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. पॉलिस्टरचा टी-शर्ट अंगावर वितळतो. पायात बूट. ओल्या पाल्याची फांदी घेऊन आग झोडपायची नसते, दाबायची असते. आपटलं की ठिणग्या मागे उडतात. जळून गेलेल्या बाजूने, कडेकडेने जायचं. आगीच्या तोंडासमोर कधीच उभं राहायचं नाही आणि तिच्या वरच्या अंगाला तर मुळीच नाही. खातं आता पाला उडवणारी ब्लोअर यंत्रं वापरतं. एक यंत्र मिनिटाभरात जेवढा पट्टा साफ करतं तेवढ्याला आम्हाला हाताने अर्धा तास लागे.

१५. ट्रेकच्या मध्येच वणव्यात सापडलो तर?

आग चढणीला माणसापेक्षा वेगाने धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. म्हणून वर पळू नका. आडवे सरका आणि उघड्या कातळाकडे, रुंद पायवाटेकडे किंवा आधीच जळून गेलेल्या जागेकडे जा. काळी झालेली जमीन सगळ्यांत सुरक्षित, तिथे दुसऱ्यांदा जळायला काही नसतं. घळीत उतरू नका, ती धुराड्यासारखी ओढते. नाकातोंडावर ओलं कापड धरा आणि वाकून चाला.

१६. अभयारण्यात आग लावली किंवा लागली तर शिक्षा काय?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला आग लावणं, किंवा त्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणं अथवा पेटता सोडणं मना आहे. म्हणजे मुद्दाम लावली नाही, नुसती चूल न विझवता निघालात, तरी तुम्ही त्यात येता. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२२ च्या दुरुस्तीआधी दंडाची मर्यादा २५ हजार होती. राखीव जंगलाला भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागू होतं. त्याच कायद्याच्या कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्या लोकांवर आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारीही आहे.

१७. गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा केला तर? किल्ल्यावर मुक्काम?

दोन्ही नाही. शेगडी कलंडायला वाऱ्याची एक झुळूक पुरते. एकदा एका सहलीच्या गटाने टाक्यांजवळ दगडांची चूल मांडली होती. विस्तवावर बाटलीभर पाणी ओतून ते निघून गेले. आम्ही पोचलो तेव्हा दगड बाजूला केल्यावर खालची मुळी आतून लाल होती. घरून थर्मास आणा. संध्याकाळी फाटक बंद होण्याआधी खाली यायचं असतं. वेळा आणि शुल्क फाटकावरच्या फलकावर असतात.

१८. ड्रोन उडवून आग शोधली तर चालेल?

परवानगीशिवाय नाही. ससाण्यांना आणि आग्या माश्यांना तो शत्रू वाटतो.

१९. वणवा विझला. आता घरी जायला हरकत नाही ना?

खरा थकवा इथेच असतो. वाळक्या खोडात, पोकळ झाडात विस्तव दोन-दोन दिवस धुमसतो. रात्री मतलई वारा सुटला की राख उडते आणि निखारा उघडा पडतो. म्हणून कडेची खोडं फिरवून बघायची, माती टाकायची, हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब तपासायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एक फेरी हवीच. त्या वेळी दवामुळे धुराची बारीकशी दोरीही स्पष्ट दिसते.

२०. जळालेल्या जागेत अंडी किंवा पिल्लू सापडलं तर घरी आणावं का?

आणू नका. रातवा हा निशाचर पक्षी घरटं बांधत नाही. पाल्यावर नाहीतर उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो आणि त्यावर बसून राहतो. गेल्या उन्हाळ्यात आग विझवून परतताना माझं पाऊल एका रातव्यापासून हातभर अंतरावर पडलं. मागची जमीन काळी होती, आग त्याच्यापासून चार पावलांवर आम्ही दाबली होती. तो उडाला नाही. डोळे मिटल्यासारखे बारीक करून बसला होता, पंखांवर राख पडलेली होती. अशा वेळी जागेला हात लावू नका, आसपास पाणी ओतू नका, फोटोसाठी थांबू नका. वाट बदला आणि मागून येणाऱ्यांनाही दुसरीकडून न्या. पिल्लू होरपळलेलं असेल तर त्याला पाणी पाजू नका, पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवून फाटकावर द्या किंवा १९२६ ला कळवा.